राजीनाम्याआधीची कामे: पगाराची स्लिप हातात असतानाच काय उरकावे

नोकरी सोडून धंदा करायचा ठरले की घरात पहिली चर्चा रंगते ती नावाची, लोगोची आणि 'प्रायव्हेट लिमिटेड करायची का' याची. ही कामे नंतरही होतात आणि फार वेळही खात नाहीत. घरकर्ज, टर्म विमा, आरोग्य विमा यांचे मात्र तसे नाही. पगार थांबला की त्यातले प्रत्येक काम अवघड होते किंवा दोन-तीन वर्षे लांबते. म्हणून तयारी उलट्या बाजूने करावी. कामाचा शेवटचा दिवस आधी धरायचा आणि तिथून मागे मोजत यायचे. पुण्यात हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच कंपन्यांत नोटीस पीरियड ६० ते ९० दिवसांचा असतो. तो धरून वर्षभर हाताशी असेल तर कामे घाई न होता मार्गी लागतात.

घराचा आकडा

बँकेचे मागच्या बारा महिन्यांचे स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाची बिले काढा. अंदाजाने लिहिलेला घरखर्च नेहमी कमी भरतो, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च आठवत नाहीत. उदाहरणादाखल कोथरूडमधले चौघांचे घर घेऊ. घरकर्जाचा हप्ता ३८,०००, किराणा-भाजी-दूध १८,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ४,०००, वीज-गॅस-इंटरनेट-मोबाइल ५,५००, पेट्रोल ६,०००, कामवाल्या मावशी ४,५००, मुलांचे क्लास ६,०००. महिन्याचे झाले ८२,०००. आता वर्षाचे: शाळेची फी १,३०,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३०,०००, मिळकतकर १४,०००, टर्म आणि आरोग्य विम्याचे हप्ते ५२,०००, दिवाळी, लग्नकार्ये आणि गावच्या फेऱ्या ५०,०००. ही बेरीज २,७६,०००, म्हणजे महिन्याला आणखी २३,०००. घराचा खरा आकडा ८२ हजार नसून १ लाख ५ हजार आहे आणि वर्षाची तरतूद १२ लाख ६० हजार.

जोडीदाराचा पगार येत असेल तर तो वजा करा, पण दोघांनी एकाच धंद्यात उडी घ्यायची असेल तर हा आकडा पूर्ण लागतो. ही रक्कम स्वीप-इन एफडी किंवा लिक्विड फंडात (दोन्हींतून पैसे लवकर काढता येतात), वेगळ्या खात्यात ठेवावी आणि तिला धंद्याचे भांडवल समजू नये. बहुतेक घरांत भांडण धंदा बुडाल्यामुळे होत नाही. 'शाळेच्या फीचे पैसे मशीनला गेले' हे उशिरा कळल्यामुळे होते.

स्लिप चालते तोवर

बँक पगारदाराकडे शेवटच्या तीन-सहा स्लिपा, फॉर्म १६ आणि खात्याचे स्टेटमेंट मागते. व्यावसायिकाकडे सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागते आणि तीही नफा दाखवणारी. त्यामुळे घर घ्यायचेच असेल, कर्ज दुसऱ्या बँकेत कमी व्याजाने वळवायचे असेल किंवा साध्या घरकर्जाचे ओव्हरड्राफ्ट प्रकारात रूपांतर करायचे असेल, तर ते आत्ता करावे. ओव्हरड्राफ्टमध्ये जास्तीचे पैसे कर्जखात्यात ठेवले की व्याज वाचते आणि गरजेला ते परत काढताही येतात. धंद्याच्या पहिल्या वर्षात याचा फार उपयोग होतो. मात्र पात्रता आहे म्हणून मोठा हप्ता ओढवून घेऊ नका. राजीनामा दिल्यावर, ती गोष्ट लपवून कर्जाचा अर्ज करू नये. बँक नोकरीची पडताळणी करते आणि खोटी माहिती कर्ज रद्द होण्यापर्यंत महागात पडते. धंद्यासाठी पर्सनल लोन तर घेऊच नये, कारण त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो आणि धंद्याचे पैसे तीन-चार महिन्यांनी येतात.

आरोग्य विम्याबाबत सर्वांत जास्त गाफीलपणा दिसतो. कंपनीची ग्रुप पॉलिसी साधारणपणे शेवटच्या दिवशी संपते आणि तिच्यात असलेले आईवडीलही तिच्यासोबत बाहेर पडतात. स्वतःच्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक आजारांना बहुधा दोन वर्षे थांबावे लागते आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षे. बीपी किंवा शुगर असेल तर ही तीन वर्षे नोकरीत असतानाच झिजवणे शहाणपणाचे. म्हणून वैयक्तिक पॉलिसी राजीनाम्याच्या बरीच आधी घ्या. ज्यांना उशीर झाला आहे त्यांनी ग्रुप पॉलिसीवरून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का हे विचारावे आणि अर्ज शेवटच्या दिवसाआधी द्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढीच बचत. टर्म विम्याची रक्कम उत्पन्नाच्या पुराव्यावर ठरते, त्यामुळे तोही याच काळात. रखडलेले रूट कॅनाल, चष्मे, तपासण्या ग्रुप पॉलिसीत बसत असतील तर उरकून घ्या.

नेमणूकपत्र पुन्हा वाचा

रुजू होताना सही केलेला करार बहुतेकांनी नंतर उघडलेला नसतो. त्यात चार गोष्टी शोधा: नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करण्याला मनाई, केलेल्या कामावरचा कंपनीचा बौद्धिक हक्क, नोकरी सोडल्यावर गिऱ्हाइके किंवा सहकारी न फोडण्याची अट आणि गोपनीयता. नोकरी संपल्यावर तोच व्यवसाय करण्यावर सरसकट बंदी घालणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची आणि गिऱ्हाइके न फोडण्याची अट मात्र टिकू शकते. म्हणून ऑफिसच्या लॅपटॉपवर आपल्या धंद्याची एक एक्सेल शीटही नको, ऑफिसच्या वेळेत कोटेशन नको आणि बाहेर पडताना ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर तर मुळीच नको.

नोकरीत असतानाच कंपनी काढून संचालक होणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. संचालकांची नावे कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतात आणि एचआरलाही ती पाहता येतात.

गिऱ्हाईक आधी, राजीनामा नंतर

'मस्त कल्पना आहे, सुरू कर' असे म्हणणारा मित्र हा गिऱ्हाईक नव्हे. ज्याने आगाऊ पैसे दिले किंवा दुसऱ्यांदा मागवले तोच गिऱ्हाईक. नोकरी सोडण्याआधी ओळखीबाहेरचे किमान तीन जण असे मिळालेले असावेत. अर्थात करारात मनाई असेल तर प्रत्यक्ष विक्री करता येणार नाही. तेव्हा नमुने, दर आणि 'या दराला घेऊ' असा लेखी होकार इथपर्यंतच थांबावे.

खाद्यपदार्थ किंवा हस्तकलेचे काम असणारे भीमथडी जत्रेत किंवा एखाद्या प्रदर्शनात स्टॉल लावून अंदाज घेतात. त्यात गैर काही नाही, पण तिथली विक्री गर्दीच्या उत्साहाची असते. महिन्याभराने फोन करून किती जणांनी पुन्हा मागवले, तो आकडा खरा.

यंत्रकाम, फिक्स्चर (काम होताना वस्तू घट्ट धरून ठेवणारी साधने), पॅनेल असे काम करणाऱ्यांना पुण्यात एक सोय आहे. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या नोकरदाराला ते दोन्ही दिवस वर्कशॉप फिरायला मिळतात. वायर कट कुणाकडे, ग्राइंडिंग कुणाकडे, हार्डनिंगला किती दिवस लागतात, कोण शब्द पाळतो हे पगार चालू असताना हिंडून पाहावे. एकाच कामाचे तीन ठिकाणी दर घ्या आणि दराइतकीच तारीखही विचारा.

उधारीचे गणित

नोकरीतून आलेल्या माणसाला पैसा ३० तारखेला येतो याची सवय असते. धंद्यात तो कागदावर आधी येतो आणि खात्यात फार नंतर. चाकणच्या एखाद्या कंपनीला फिक्स्चर पुरवायचे आहेत असे धरू.

महिन्याला एक ऑर्डर, किंमत ४ लाख आणि १८ टक्के जीएसटी ७२ हजार. माल १ लाख ४० हजारांचा, बाहेरून करून घेतलेले काम ९० हजारांचे, मजुरी-वाहतूक ३० हजार. खर्च २ लाख ६० हजार, उरले १ लाख ४० हजार. कागदावर झकास.

आता तारखा लावू. १ जूनला माल रोखीने घेतला, कारण नव्या माणसाला व्यापारी उधार देत नाही. २५ जूनला माल पोचवून बिल दिले. तपासणी होऊन स्टोअरने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, काढला ५ जुलैला. पीओवरचे (गिऱ्हाइकाच्या लेखी ऑर्डरवरचे) '६० दिवस' बहुतेक वेळा बिलापासून नव्हे, जीआरएनपासून मोजतात. झाले ३ सप्टेंबर. त्या कंपनीत पैसे महिन्याच्या १० आणि २५ तारखेलाच सुटतात, म्हणून १० सप्टेंबर. मधल्या काळात २० जुलैला जूनच्या बिलाचा जीएसटी भरावा लागला. मालावर आणि कामावर दिलेला कर वजा जाऊनही तीस-पस्तीस हजार, तेही न मिळालेल्या पैशांवर.

९ सप्टेंबरला चित्र काय? जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर अशा चार ऑर्डरींचा खर्च झालेला, १० लाख ४० हजार. त्यावर कराचे सव्वादोन लाखांच्या आसपास. साडेबारा लाख रुपये बाहेर अडकलेले आणि वहीत तीन बिलांचा नफा दिसतोय ४ लाख २० हजार. ऑर्डरी असूनही माणूस याच जागी मोडतो. धंदा वाढला तर अजून लवकर मोडतो, कारण दोन ऑर्डरी घेतल्या की अडकणारी रक्कमही दुप्पट.

यावर उपाय ऑर्डर घेतानाच करायचे असतात. कोटेशनमध्ये ३० ते ४० टक्के आगाऊ मागा. मोठी कंपनी आगाऊ देत नसेल तर माल त्यांनीच पुरवावा आणि तुम्ही फक्त काम करावे असा पर्याय द्या. नफा कमी दिसतो, पण भांडवल अडकत नाही. पहिल्या वर्षी एका बड्या गिऱ्हाइकापेक्षा पंधरा दिवसांत पैसे देणारे चार छोटे बरे. जीआरएनसाठी दुसऱ्याच दिवसापासून फोन करा, कारण मोजणी तिथून सुरू होते. पीओ क्रमांक किंवा एचएसएन (जीएसटीतला मालाचा संकेतांक) चुकलेले बिल अकाउंट्सवाले परत पाठवतात आणि तो महिना वाया जातो. म्हणून बिल पाठवण्याआधी पीओशी ओळ न् ओळ ताडून पाहा.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय एप्रिल २०२४ पासून असे थकवलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. हा फायदा उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही. पुढची ऑर्डर जाईल म्हणून नवा पुरवठादार तक्रार करत नाही हे खरे, पण मार्च जवळ आला की अकाउंट्स विभाग हा क्रमांक असलेली बिले स्वतःहून वेगळी काढतो. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलांवर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची आहे. गिऱ्हाईक तिथे तुमचे बिल मंजूर करत असेल तर थोडे व्याज सोडून पैसे काही दिवसांत मिळतात. ऑर्डर घेताना हे विचारून ठेवावे.

कर्ज आणि अनुदान: क्रम चुकला की संधी जाते

पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) ही केंद्राची योजना फक्त नव्या प्रकल्पाला आहे, आधी धंदा सुरू करून मग अर्ज चालत नाही. उत्पादनासाठी प्रकल्प ५० लाखांपर्यंत, सेवेसाठी २० लाखांपर्यंत. खुल्या प्रवर्गाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के. हे अनुदान हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळते होते. म्हणजे सुरुवातीच्या खेळत्या भांडवलाला ते उपयोगी नाही. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रात होते. अनुदानासाठी धंदा निवडू नका. ज्या धंद्याचे गणित अनुदानाशिवाय बसते, त्यासाठीच अर्ज करा.

तारीख कशी ठरवावी

साहेबांशी खटका उडाला त्या दिवशी राजीनामा टाकू नये. ग्रॅच्युइटीला कायम नोकरदाराची सलग पाच वर्षे लागतात आणि तिचे सूत्र मूळ पगार × १५ ÷ २६ × वर्षे असे आहे. मूळ पगार ६०,००० आणि आठ वर्षे असतील तर २ लाख ७६ हजार ९२३. पाच वर्षांना दोन महिने कमी असताना बाहेर पडणे म्हणजे हातातले सोडण्याचा धोका घेणे. वार्षिक बोनस खात्यात पडेपर्यंत थांबा, कारण नोटीसवर असलेल्याला तो न देण्याची अट अनेक ठिकाणी असते. जॉइनिंग किंवा रिटेन्शन बोनस परत मागण्याची मुदत उलटली का तेही पाहा. शेअर मिळाले असतील तर पुढच्या व्हेस्टिंगची (शेअरवर आपला हक्क पक्का होण्याची) तारीख आणि नोकरी सोडल्यावर ईसॉप (ठरल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) वापरायची मुदत वाचा. ती बऱ्याचदा ९० दिवसांचीच असते आणि वापरताना कर लागतो, त्याचे पैसे वेगळे ठेवावे लागतात.

कराच्या दृष्टीने आर्थिक वर्षाच्या शेवटी बाहेर पडणे सुटसुटीत. धंद्यातला तोटा त्याच वर्षीच्या पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये सोडून मार्चपर्यंत झालेल्या खर्चाने पगारावरचा कर वाचेल हा हिशोब चुकीचा आहे.

शेवटचा आठवडा

लॅपटॉप जमा केला की पोर्टल बंद होते. त्याआधी सर्व स्लिपा, फॉर्म १६, पगारवाढीची पत्रे आणि विम्याचे कार्ड उतरवून घ्या. आधार, बँक आणि पीएफच्या यूएएनला (कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकाला) कंपनीचा सिम जोडलेला असेल तर आधी बदला. तो नंबर परत गेला की ओटीपी दुसऱ्याच्या हातात. म्युच्युअल फंडांना ऑफिसचा ईमेल दिलेला असतो, तोही बदला. पगाराचे खाते काही महिन्यांनी साधे बचत खाते होते आणि किमान शिल्लक लागू होते. पीएफला नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवली का, हे दोन महिन्यांनी तपासा. ती नसेल तर पुढचे सगळे अडते. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर कर लागतो आणि तो भांडवल म्हणून वापरण्याची कल्पना आम्हाला तरी पटत नाही. पूर्ण हिशोब हाती यायला महिना-दीड महिना धरा.

नोंदण्या

एकट्याने सुरुवात असेल तर प्रोप्रायटरशिप पुरे. उद्यम नोंदणी मोफत आहे. आधार आणि पॅनवर ती होते, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळा. शॉप अ‍ॅक्टखाली छोट्या आस्थापनेला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. या दोन कागदांवर करंट अकाउंट उघडते. व्यवसायकराचे वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी सेवेसाठी २० लाखांवर आणि मालासाठी महाराष्ट्रात ४० लाखांवर सक्तीचा, पण माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर पहिल्या बिलापासून लागतो. घरच्या पत्त्यावर नोंदणी करताना वीजबिल आणि मालकाचे संमतीपत्र तयार ठेवा. पडताळणीला माणूस आला आणि दारावर नाव-क्रमांकाची पाटी नसली की फेरा वाढतो. परदेशी ग्राहकाला सेवा देणाऱ्यांनी दर आर्थिक वर्षी एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) भरावे, नाहीतर कर भरून परतावा मागत बसावे लागते.

प्रायव्हेट लिमिटेडला भागीदार, गुंतवणूकदार किंवा तशी अट घालणारे गिऱ्हाईक असेल तरच जावे. तिथे उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण आणि वार्षिक फॉर्म चुकत नाहीत, उशिराला दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. भागीदार असेल तर कोण किती पैसे घालणार, कोण पूर्ण वेळ आणि कोण नोकरी सांभाळून, एकजण सोडून गेला तर त्याच्या हिश्श्याचे काय, हे पहिल्या रुपयाआधी लिहून काढा. कॉलेजपासूनची मैत्री असेल तर जास्तच सविस्तर.

तांत्रिक सल्लागाराची वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाख) तर जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरण्याची सोय आहे आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो. अशी ठोक नफ्याची सोय न घेणाऱ्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च अशा चार तारखा. आलेल्या प्रत्येक बिलातले कराचे पैसे त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकले नाहीत तर मार्चमध्ये ते सापडत नाहीत.

परतीचा दोर

दोर कापून लढणे सिंहगडावर शोभले. इथे तो शाबूत ठेवावा आणि कधी धरायचा ते आधीच लिहून ठेवावे. घरखर्चाची गंगाजळी चार महिन्यांवर आली की अर्ज पाठवायला लागायचे, कारण मुलाखतींपासून पहिल्या पगारापर्यंत तीन महिने सहज जातात. दोन महिने उरल्यावर शोधणारा माणूस मिळेल त्या पगाराला हो म्हणतो.

परत गेलात तर धंदा नीट बंद करा. जीएसटी क्रमांक तसाच सोडला तर विवरणपत्रे आणि विलंब शुल्क चालूच राहते. रद्द करण्याचा अर्ज द्या आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरा. करंट अकाउंट मात्र शेवटचे येणे वसूल झाल्यावरच बंद करा. गिऱ्हाइकाच्या नोंदीतले खाते बदलून घ्यायला पुन्हा रद्द केलेला चेक, पत्र आणि तीन आठवडे लागतात.